मान वळली, आकाश का नाही वळलं?

विमान उतरवताना वैमानिक कुठे बघतो? समोर, असंच कुणालाही वाटेल. पण विमानतळाभोवतीचा नेहमीचा फेरा डाव्या हाताचा असतो. धावपट्टीला समांतर उडायचं, डावीकडे वळायचं, पुन्हा डावीकडे वळायचं आणि मग धावपट्टीच्या रेषेत यायचं. हे चालू असताना धावपट्टी असते डाव्या खांद्याच्या मागे. फ्लाइट सिम्युलेटर खेळणाऱ्याची पंचाईत इथेच होते, कारण त्याच्या डाव्या खांद्यामागे धावपट्टी नसते, कपाट असतं. हेड-ट्रॅकर ही पंचाईत सोडवतो. मॉनिटरवर बसलेला चिमुकला कॅमेरा टोपीवरचे किंवा हेडफोनवरचे तीन ठिपके बघतो, मान कशी हलली ते ताडतो आणि पडद्यावरचं कॉकपिट त्या हिशेबानं फिरवतो.

नीट चाललं तर खुर्चीतल्या खुर्चीत आकाश मिळतं. बिनसलं की दृश्य थरथरतं, गोठतं, नाहीतर ऐन उतरताना छताकडे उसळी मारतं. त्यामागची कारणं मात्र फार सुरस आहेत, आणि यंत्र दुकानात परत करण्याआधी ती माहीत हवीतच.

गुन्हेगार खिडकीत बसलाय

या प्रकारातलं सर्वांत ओळखीचं यंत्र म्हणजे ट्रॅकआयआर. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात कोर्व्हॅलिस नावाचं गाव आहे, तिथल्या नॅचरलपॉइंट कंपनीचं ते. हात वापरता न येणाऱ्यांसाठी डोक्याच्या हालचालीवर चालणारा स्मार्टनॅव्ह माउसही याच कंपनीनं काढला होता. २००९ साली आलेलं ट्रॅकआयआर ५ सेकंदाला १२० वेळा बघतं. पण त्याला तुमचा चेहरा दिसत नाही, खोली दिसत नाही. त्याला दिसतो फक्त इन्फ्रारेड प्रकाश.

हा प्रकाश विल्यम हर्शेलनं १८०० साली शोधला. लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात त्यानं थर्मामीटर ठेवले, आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा वर चढला. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा जवळजवळ निम्मा भाग या अदृश्य प्रकाशाचा असतो. म्हणजे तुमच्या मागची खिडकी उघडी असेल तर कॅमेऱ्यापुढे तीन ठिपक्यांशेजारी चौथा, राक्षसी ठिपका उभा राहतो. रात्री झकास चालणारा ट्रॅकर सकाळी वेडावतो तो यामुळे.

जुना पिवळा बल्बही तसाच. त्याची बहुतेक वीज इन्फ्रारेडच्या रूपानं बाहेर पडते, उजेड ही त्याची जोडकमाई. एलईडी दिवा मात्र इन्फ्रारेड जवळपास सोडतच नाही. त्यामुळे खोलीतला पिवळा बल्ब किंवा हॅलोजन काढून एलईडी लावला की अर्धे ट्रॅकर त्याच क्षणी शहाणे होतात. मागे देवघर असेल तर तेवत्या समईवरही नजर ठेवा. तिची ज्योत कॅमेऱ्याला ठिपकाच वाटते.

माझं ठाम मत सांगते: ट्रॅकरच्या सॉफ्टवेअरमधली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याला काय दिसतंय ते दाखवणारी खिडकी. लोक ती पहिल्याच दिवशी बंद करतात आणि मग आठवडाभर सेटिंगांशी झुंजतात. ती उघडा. काळ्या पार्श्वभूमीवर तीनच ठिपके दिसायला हवेत. चौथा दिसला तर मान स्थिर ठेवून खोलीतली एकेक वस्तू हाताने झाका: चष्म्याची काच, कानातला डूल, हेडफोनची चकचकीत पट्टी, खुर्चीचा स्टीलचा दांडा, भिंतीवर लटकवलेली सीडी. ज्या क्षणी तो ठिपका विझेल, त्या क्षणी चोर सापडला.

रिमोट आधी, क्लिप नंतर

हेडफोनवर लावायच्या क्लिपमध्ये स्वतःचे इन्फ्रारेड दिवे असतात. ते पेटलेत की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. मोबाइलला कळतं. सेल्फी कॅमेरा उघडा आणि आधी टीव्हीचा रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबा. रिमोटच्या टोकाला जांभळट-पांढरी लुकलुक दिसली तर कॅमेरा या कामाचा आहे. (मागच्या कॅमेऱ्याला बहुधा जाड गाळणी असते, म्हणून सेल्फीचाच घ्यावा.) आता क्लिप धरा. तीन जांभळट टिकल्या दिसल्या तर दिवे ठीक. दोनच दिसल्या तर वायर वळते त्या जागी बोटानं हलकेच दाबून बघा. तिसरी टिकली मिणमिणू लागली की समजा, तार आतून तुटत आलीय. ही वायर बारीक असते आणि खुर्चीच्या चाकाखाली सहज सापडते.

टोपीवर चंद्र

दुसऱ्या प्रकारच्या क्लिपमध्ये दिवे नसतात, वायर नसते. टोपीच्या पुढच्या कडेला लावायचे चमकणारे तीन तुकडे, बस्स. कॅमेऱ्याभोवतीचे दिवे प्रकाश फेकतात आणि हे तुकडे तो जिथून आला तिथेच परत धाडतात. द्रुतगती मार्गावरच्या पाट्या रात्री हेडलाइटमध्ये झळाळतात, त्यामागचं गुपित हेच.

याच गुपिताची मोठी बहीण चंद्रावर आहे. अपोलो ११च्या अंतराळवीरांनी जुलै १९६९मध्ये तिथे परावर्तकांचा संच ठेवला, आणि पृथ्वीवरून लेसर मारून चंद्राचं अंतर मोजता येऊ लागलं. आपल्या चांद्रयान-३च्या विक्रम लँडरवरही नासाचा असा छोटा परावर्तक आहे, जेमतेम ५ सेंटिमीटर रुंदीचा. १२ डिसेंबर २०२३ला चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानानं त्याच्यावर लेसर टाकला आणि परतलेला प्रकाश टिपला.

टोपीवरच्या तुकड्यांचा वैरी आहे बोटांचा तेलकटपणा. मऊ कोरड्या कापडानं पुसा. आणि रेडियमची पट्टी शिवलेलं जॅकेट घालून खेळायला बसू नका, कॅमेऱ्याला तीही तितकीच आवडते.

१८४१चं गणित

तीनच ठिपके का? कारण तेवढ्यावरून डोक्याच्या सहाही हालचाली काढता येतात: डावी-उजवी मान, वर-खाली मान, तिरकी मान, शिवाय पुढे-मागे, वर-खाली आणि बाजूला सरकणं. तीन ओळखीच्या बिंदूंच्या चित्रावरून बघणाऱ्याची जागा शोधायचं हे कोडं ग्रुनर्ट नावाच्या जर्मन गणितज्ञानं १८४१ साली सोडवलं. संगणक नव्हते, विमानंही नव्हती.

गंमत अशी, की या गणिताला एकच उत्तर नसतं. एका चित्राची चारपर्यंत उत्तरं निघू शकतात आणि सॉफ्टवेअरला त्यातलं खरं निवडावं लागतं. म्हणून एखादा ठिपका माइकच्या दांडीमागे लपला, किंवा क्लिप वाकून तिचा आकार बदलला, की दृश्य हळूच घसरत नाही, एकदम कोलांटी मारतं. कोलांटी दिसली तर सेटिंगला हात लावू नका. आधी क्लिप सरळ करा आणि सॉफ्टवेअरमध्ये क्लिपचा योग्य प्रकार निवडलाय का, ते बघा.

एका बटणाचे दोन मालक

ट्रॅकआयआरमध्ये दृश्य मध्यावर आणायचं बटण मुळात एफ१२ असतं. स्टीममध्ये स्क्रीनशॉटचं बटणही मुळात एफ१२च. त्यामुळे मान सरळ करायला गेलं की फोटो निघतो, आणि महिनाभरानं डिस्कवर कॉकपिटचे शेकडो फोटो सापडतात. एफ९नं ट्रॅकिंग थांबतं. ‘अचानक बंदच पडलं’ म्हणणाऱ्यानं आधी एफ९ दाबून बघावं. ही बटणं जॉयस्टिकवर नेली की दोन्ही भानगडी मिटतात.

ठिपके दिसतात, गेम ढिम्म

सॉफ्टवेअरमधलं डोकं छान हलतंय आणि गेम मात्र समोर टक लावून बसलाय, तर बिघाड प्रकाशात नाही, पत्त्यात आहे. हेड-ट्रॅकर ओळखणारे गेम विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद शोधतात: एनपीक्लायंट नावाची फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे, तिची. ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअरही त्याच जागी स्वतःचा पत्ता लिहितं. ट्रॅकआयआर आणि ओपनट्रॅक दोन्ही वापरून एक काढून टाकलं, किंवा फोल्डर दुसरीकडे हलवला, की गेम ओस पडलेल्या घराची कडी वाजवत राहतो. राहिलेलं सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करून एकदा सुरू करणं हा सोपा इलाज.

दुसरं कारण हुद्द्याचं. गेम ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’नं चालू असेल आणि ट्रॅकर साधा, तर विंडोज दोघांमधली ये-जा अडवू शकतं. दोघांनाही सारखाच हुद्दा द्या.

आणि कॅमेरा मध्येच झोपत असेल तर यूएसबी हबमधून काढून थेट संगणकाला जोडा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमधला यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. वीज वाचवायच्या नादात तोच पोर्टला डुलकी लावतो.

थोडी मान, पूर्ण मागे

खरी मान खऱ्या अंशात वळवली तर डोळे मॉनिटरवरून उतरतील. म्हणून सॉफ्टवेअर हालचाल फुगवतं: इकडे मान १५-२० अंश वळते, तिकडे वैमानिक थेट शेपटीकडे बघतो. अडचण अशी, की मानेचा बारीक कंपही तेवढाच फुगतो. श्वास घेतला तरी कॉकपिट डुलतं. त्यावर उपाय म्हणून लोक हे कंप गाळणारं स्मूदिंग वाढवत नेतात, आणि मग दृश्य मानेच्या मागून रेंगाळत येतं, डोकं गरगरतं. त्यापेक्षा मान किती वळली की दृश्य किती वळावं, हे ठरवणाऱ्या आलेखाच्या मध्यभागी छोटा सपाट पट्टा ठेवावा. सरळ बघताना काहीच हलत नाही, मीटर शांतपणे वाचता येतात, आणि कडेला गेलं की वेग मिळतो.

खेळाच्या आधी युद्ध

डोक्याबरोबर चित्र फिरवायची कल्पना १९६८ची. आयव्हन सदरलंडनं बनवलेलं डोक्यावरचं यंत्र छतापासून आलेल्या यांत्रिक दांड्याला जोडलेलं होतं, आणि तो दांडाच मान मोजायचा. पुढे लढाऊ वैमानिकांच्या हेल्मेटांत ही विद्या शिरली. अपाचे हेलिकॉप्टरमध्ये वैमानिक बघेल तिकडे तोफ वळते. मिग-२९मध्ये नुसतं लक्ष्याकडे बघून आर-७३ क्षेपणास्त्राला ‘तो बघ’ म्हणता येतं. १९८७ साली ही विमानं आपल्या हवाई दलात आली, आणि सुरुवातीच्या तुकड्या पुण्याच्या लोहगाव तळावर होत्या.

फ्लॉपी अजून जिवंत आहे

निन्टेंडो वी या गेम खेळायच्या यंत्राच्या ‘सेन्सर बार’मध्ये सेन्सर नसतोच, नुसते इन्फ्रारेड दिवे असतात. कॅमेरा असतो रिमोटमध्ये. म्हणून बार तुटला तर दोन पेटत्या मेणबत्त्यांवर गेम चालतो. २००७ साली जॉनी ली या संशोधकानं हीच जोडी उलटी केली: दिवे चष्म्यावर, रिमोट टीव्हीखाली. झाला घरगुती हेड-ट्रॅकर.

आजही महागडं यंत्र न घेता हे जमतं. ओपनट्रॅक साध्या वेबकॅमसमोर नुसता चेहरा बघूनही चालतं. ठिपके हवे असतील तर तीन इन्फ्रारेड एलईडी एकामागोमाग जोडून, मध्ये रोधक टाकून यूएसबीच्या ५ व्होल्टवर पेटवायचे. जुन्या वेबकॅमच्या लेन्समागची इन्फ्रारेड अडवणारी काच काढायची. मग दिसणारा उजेड अडवायला हवं काहीतरी, आणि त्यासाठी फ्लॉपीच्या आतली काळी चकती उत्तम. ती आपल्या डोळ्यांना ठार काळी, पण इन्फ्रारेड तिच्यातून पार होतो. लेन्सएवढा तुकडा कापून समोर चिकटवायचा. काच काढल्यावर चित्र धूसर झालं तर घाबरू नका, तिच्या जाडीमुळे फोकस सरकलेला असतो. लेन्स किंचित फिरवा, ठिपके पुन्हा टोकदार होतात.