एका प्रवाशाचे स्मरण

जॉर्ज लॅम्बर्ट हे नाव मोर्शीत आज फारसे कोणास ठाऊक नसावे. शस्त्र हाती न धरणाऱ्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे हे अमेरिकन धर्मोपदेशक. पृथ्वीप्रदक्षिणा करून १८९६ मध्ये त्यांनी प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. तेथेच त्यांना थांबता आले असते. परंतु १८९७ च्या दुष्काळात पंथबांधवांची मदत घेऊन ते हिंदुस्थानात आले आणि येथील हालअपेष्टांची हकीकत १८९८ मध्ये ग्रंथरूपाने त्यांनी स्वदेशीयांपुढे ठेवली. १८९९ मध्ये त्यांच्या पंथाचे लोक मध्यप्रांतात धमतरीस येऊन राहिले.

त्याच वर्षीच्या अवर्षणाने आपला वऱ्हाडही होरपळला. कापूस बुडाला की मजुरी बुडते. मग आगगाडीने धान्य आले तरी ते घेण्यास मजुराजवळ पैसा नसतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये हाच विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. दानाने जीव वाचतात, हे ऋण मानलेच पाहिजे. परंतु दुष्काळ हटतो तो हक्काच्या रोजगाराने. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, तो याचसाठी. परक्याच्या भुकेने जो प्रवासी अस्वस्थ झाला, त्याचे स्मरण करताना आपल्या गावच्या मजुराला वेळेवर काम मिळते काय, हे आपण पाहणार की नाही?