'मायूस' नसलेल्या अम्मी

आमच्या शाळेतली आठवीची एक मुलगी महिन्यातून दोन-तीनदा गैरहजर राहू लागली. अभ्यासात चांगली, घरही शाळेपासून जवळ. कारण विचारले की मान खाली. एकदा मधल्या सुट्टीत जवळ बसवून विचारले, तेव्हा म्हणाली, "मिस, अम्मी को डॉक्टर के पास ले जाना पड़ता है. वहाँ मैं बोलती हूँ."

वडील नऊ वर्षांपासून रियाधला. अम्मींना दोन वर्षांपासून झोप नाही, छातीत धडधड, अंगात मुंग्या, स्वयंपाक करता करता एकदम बसून जाणे. दोनदा ईसीजी झाला, थायरॉइडची तपासणी झाली. सगळे ठीक निघाले. मग कोणीतरी मनोविकार विभागात पाठवले. तिथे डॉक्टर प्रश्न विचारत, अम्मी दुपट्ट्याचे टोक चघळत आणि तेरा वर्षांची लेक उत्तरे देई.

पुढच्या वेळी आम्ही सोबत गेलो. नागपुरात हिंदी कोणाला येत नाही? डॉक्टरांना येत होती, अम्मींनाही येत होती. त्यामुळे भाषेची अडचण असेल असे आम्हाला वाटलेच नव्हते. दहा मिनिटांत आमचा गैरसमज दूर झाला.

डॉक्टरांनी विचारले, उदास वाटते का? अम्मी म्हणाल्या, नाही, "दिल घबराता है." डॉक्टरांनी छातीकडे बघून पुन्हा ईसीजीचा कागद उघडला. आपल्या घरांत 'दिल घबराना' म्हणजे हृदयविकार नव्हे. मराठीत 'जीव घाबरा होतो', 'कशात जीव लागत नाही' म्हणतात तेच ते. आपल्या बायका दुःख मनात सांगत नाहीत, शरीरात सांगतात. डोके जड, कलेजा जळतो, हातपाय गळून गेले.

मग दुसरा प्रश्न आला. आयुष्याबद्दल निराश आहात का? मुलीने शब्द बदलला, "अम्मी, आप मायूस हो क्या?" अम्मी दचकल्या. "तौबा! अल्लाह की रहमत से मायूस?" कागदावर 'नाही' अशी नोंद झाली. पाचवेळची नमाजी बाई 'मायूस' या शब्दाला हो म्हणणारच नाही. तिच्या लेखी तो आजार नाही, गुनाह आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, यालाही उत्तर तेच. हराम गोष्टीचा विचारसुद्धा येतो असे कोण कबूल करील, आणि तेही पोटच्या पोरीच्या तोंडून?

त्या दिवशी आम्ही मुलीला बाहेर बसवले आणि तोच प्रश्न आपल्या बोलीत विचारला. कभी ऐसा लगता है कि अल्लाह अब उठा ले तो अच्छा? अम्मी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, रोज. फज्रनंतर रोज.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. वाईट वाटून घेण्यासारखे त्यांनी काही केले नव्हते. बाहेर रांगेत चाळीस माणसे होती आणि प्रश्नावली जशी छापून आली तशी ते वाचत होते. पण दोन वर्षे हेच एक उत्तर दाराबाहेर उभे होते.

तेव्हापासून आम्ही मैत्रिणींना, पालकांना एक गोष्ट सांगत असतो. मुलांना दुभाषी करू नका. आई मुलीसमोर मरणाचे बोलणार नाही, सासूचे बोलणार नाही, नवऱ्याचे तर नाहीच. नवरा किंवा नणंद दुभाषी असली तर आणखीच अवघड. सोबत न्यायचेच असेल तर घराबाहेरचे, तोंडाचे घट्ट माणूस न्यावे.

डॉक्टरला आपले रीतिरिवाज माहीत असणे का महत्त्वाचे, याचे दुसरे उदाहरण वुजूचे. वस्वसा हा शब्द आपल्याला ठाऊक आहे. मनात सारखी शंका येणे, वुजू झाला की नाही, कपडे पाक आहेत की नाही. एखादी मुलगी अर्धा तास नळाखाली हात धूत बसते, नमाजची नियत पुन्हा पुन्हा बांधते. घरचे म्हणतात किती परहेजगार! हा मंत्रचळेपणाचा आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. पण वुजूत अवयव तीन वेळा धुतात हे ज्याला माहीत नाही, त्याला तीन वेळा धुणाराही आजारी वाटेल आणि तीस वेळा धुणाराही फक्त धार्मिक वाटेल. इद्दतीचेही तसेच. चार महिने दहा दिवस घरात राहणारी विधवा 'लोकांत मिसळत नाही' म्हणून आजारी ठरत नाही. मात्र इद्दत संपून वर्ष झाले तरी ती उठत नसेल, तर विचारायला हवे.

रमजानचेही सांगून टाकू. मनाच्या आजाराच्या गोळ्या रोजासाठी आपल्या मनाने बंद करणारे आमच्या माहितीत कितीतरी आहेत. लिथियमसारख्या औषधात शरीरातले पाणी कमी झाले तर ते औषध अंगात वाढून विषासारखे होऊ शकते. शाबान लागला की डॉक्टरांकडे जाऊन वेळा बदलून घ्याव्यात, रोजा ठेवता येईल का तेही विचारावे. आजाऱ्याला शरीअतने सवलत दिली आहे आणि मनाचा आजारी हाही आजारीच.

मग असा डॉक्टर मुसलमानच असला पाहिजे का? आमचे उत्तर अनेकांना आवडत नाही. नाही. आपल्या मोहल्ल्यातला समुपदेशक कोणाचा तरी मामेभाऊ निघतो आणि बाईचे तोंड तिथेच बंद होते. या अम्मींना शेवटी ज्यांच्याकडे बरे वाटले त्या एक मराठी समुपदेशक ताई आहेत. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले, तुमच्या घरी दुःख झाले की काय म्हणतात? तुम्ही काय पढता? वजीफ्यावर त्या हसल्या नाहीत आणि त्याला औषधही म्हणाल्या नाहीत. फोनवर वेळ घेताना आपणच विचारावे. हिंदी-उर्दूत बोलतील का, महिला समुपदेशक आहे का, नातेवाइकाला बाहेर बसवतील का? मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर त्याच विषयात शिकलेला डॉक्टर असतो, गोळ्या तोच देतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान काही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने धर्म वा संस्कृतीवरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे, माहिती गुप्त राखण्याचाही. आणि रुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी घातली आहे.

साखळीवरून आठवले. तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खासगी आश्रयस्थानात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळदंडात बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. त्यांना तिथे शत्रूंनी नेले नव्हते, घरच्यांनीच नेले होते.

आपल्या नागपुरात तर दवा आणि दुआ यांचे नाते वेगळेच आहे. हजरत ताजुद्दीन बाबा १८६१ मध्ये कामठीला जन्मले. १८९२ मध्ये त्यांना वेडा ठरवून इथल्या पागलखान्यात ठेवले गेले आणि १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना बाहेर आणले, शक्करदऱ्याला. १९२५ मध्ये वफात झाली. तो पागलखाना म्हणजे आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय, राज्यातल्या अशा चार रुग्णालयांपैकी एक. ताजबागला जाणाऱ्या घरांना त्याच रुग्णालयाच्या फाटकात पाऊल टाकताना मात्र लाज वाटते, हे आम्हाला कधी कळलेले नाही. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावर स्वतःच जियारतीला आलेल्या आजाऱ्यांना मनोविकाराच्या डॉक्टरकडे पाठवतात. 'दवा आणि दुआ' असेच त्या कामाचे नाव आहे. आपल्या मशिदींच्या इमाम साहेबांनी एवढे केले तरी पुष्कळ. आणि हे नवे नव्हे. दहाव्या शतकात वारलेल्या अबू जैद अल-बल्खींनी शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला आणि कारण असलेले दुःख व कारण न सापडणारे दुःख यांत फरक केला. हजरत याकूब (अलै.) यांची नजर पुत्रविरहाने गेली, हे तर लहान मुलांनाही ठाऊक आहे. ते काय ईमानाने कच्चे होते?

अम्मींच्या गोळ्या सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी रियाधहून फोन आला, तो आमच्याशी बोलण्यासाठी. "मिस, नींद तो मुझे भी नहीं आती." नऊ वर्षे एका खोलीत सहा जण. तिथला डॉक्टर अरबी किंवा इंग्रजी बोलतो, यांना दोन्हींत औषधाचे नाव सांगता येते, मनातले नाही. समुपदेशक ताई आता त्यांच्याशीही शुक्रवारी व्हिडिओवर बोलतात. तिथे घड्याळ अडीच तास मागे असते, जुमा आटोपून जेवण झाले की इथे चार वाजलेले असतात. पण बोलणे तेवढेच. गोळ्या तिथल्याच डॉक्टरांकडून घ्याव्या लागतात. इथून पाकीट पाठवू नये. आखाती देशांत झोपेच्या आणि मनोविकाराच्या बऱ्याच गोळ्या नियंत्रित यादीत आहेत, चिठ्ठी आणि परवानगीशिवाय सापडल्या तर माणूस तुरुंगात जाऊ शकतो.

ज्यांच्याकडे फीचे पैसे नाहीत त्यांच्यासाठी मेडिकल, मेयो आणि एम्स येथे मनोविकार विभाग आहेत. मेयो तर मोमिनपुऱ्याच्या उंबरठ्यावर. आणि रात्री दोन वाजता जीव घाबरा झाला तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला, चोवीस तास, मोफत, सुरुवातीलाच भाषा निवडता येते. हा क्रमांक आम्ही शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे. पहिल्या आठवड्यात कोणीतरी तो पुसला. आम्ही पुन्हा लिहिला. आता कोणी पुसत नाही.

ती मुलगी अजूनही अम्मींसोबत जाते, पण शनिवारी, शाळा सुटल्यावर. आत अम्मी बोलतात. ती बाहेर बाकावर बसून गणिते सोडवते.