धावण्यासाठी मुंबईचा प्रवास

2004 मध्ये सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन सहसा जानेवारीतल्या एका रविवारी होते. तिच्यासाठी राज्यभरातून आणि बाहेरूनही धावपटू येतात. शनिवारी रात्री पोहोचून पहाटे धावू, हा बेत मात्र सहसा फसतो. छातीवर लावायचा क्रमांक स्पर्धेआधीच्या दिवसांत, ओळखपत्र दाखवून, ठरलेल्या केंद्रावरून घ्यावा लागतो; शर्यतीच्या सकाळी तो मिळत नाही. म्हणून निदान शुक्रवारी मुंबई गाठणे बरे.

42.195 किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळून पहाटे अंधारातच सुरू होते. दक्षिण मुंबईत मुक्काम महाग, पण झोप वाचवणारा. उपनगरात उतरणाऱ्यांसाठी त्या दिवशी रेल्वे बहुधा पहाटेच्या जादा लोकल सोडते. वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवावे.

खरी अडचण हवेची. पुणे-नाशिकच्या कोरड्या थंडीत सराव केलेल्याला मुंबईचा दमटपणा जड जातो: घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि नेहमीचा वेग टिकत नाही. सुरुवातीला थोडे सावकाश धावणे शहाणपणाचे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवरचा वारा सुखावतो. पेडर रोडची चढण मात्र शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात, पाय थकल्यावर येते.

नवे बूट आणि अनोळखी जेवण, दोन्ही टाळावे. बूट व धावण्याचे कपडे हातातल्या पिशवीतच ठेवावेत. परतीचे तिकीट रविवारी संध्याकाळनंतरचे काढावे, कारण दुपारपर्यंत शहरातले अनेक रस्ते वाहनांना बंद असतात.