राजाराम किती झालं?

शिरोळ तालुक्यात पावसाळ्यात दोन माणसं भेटली की तब्येतीच्या आधी आकडा विचारतात. "राजाराम किती झालं?" राजाराम म्हणजे कोल्हापूरजवळचा पंचगंगेवरचा बंधारा. तिथं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर गेलं की धोका. त्याच्या जोडीला सांगलीचा आयर्विन पूल, तिथले आकडे ४० आणि ४५. कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा अशा चार नद्यांच्या या तालुक्यात एकाच आकड्यावर भागत नाही. पंचगंगा राधानगरीकडचं पाणी आणते, कृष्णा कोयनेकडचं. नृसिंहवाडीला संगमावर कृष्णा आधीच तुडुंब असेल, तर पंचगंगेला पुढं सरकायला वाव राहत नाही. मग पाणी वाहायचं थांबतं आणि मागं फुगत येतं.

माझ्या मामाचं घर या फुगीच्या पट्ट्यात आहे. २०१९ च्या महापुरानंतर मामीनं घराची जी व्यवस्था लावली, ती मी मे-जूनमध्ये जाऊन बघत आलो आहे, हाताखाली राबतही आलो आहे. संकटासाठी घर सज्ज करायचं म्हटलं की डोळ्यांपुढं शिधा, बॅटरी आणि औषधाची पेटी येते. मामीकडं हे सगळं आहेच, पण तिच्या लेखी ते फुटकळ काम. तिचं डोकं चालतं ते क्रमावर. आधी काय हलवायचं, कुणी हलवायचं आणि कुठल्या खुणेला हलवायचं.

ही खूण कॅलेंडरवर नसते, नदीवर असते. पावसाच्या तोंडावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात, तेव्हा घरातलं पहिलं काम सुरू होतं. माळा झाडायचा, पत्र्यांची गळती बघायची, दोऱ्या तपासायच्या. पाणी चढू लागलं की शेतकरी नदीकाठच्या पाणीउपशाच्या मोटारी वर ओढायला पळतात. ती दुसरी खूण. तिसरी नृसिंहवाडीच्या दत्ताच्या देवळातली. कृष्णेचं पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, आणि दक्षिणद्वाराच्या स्नानाला भाविकांची रीघ लागते. मामीही हात जोडते. मग शेडात जाऊन कीटकनाशकाच्या बाटल्या आणि खताची पोती हलवायला लागते. ते पाण्यात मिसळलं तर विहिरीपासून अंगणापर्यंत सगळं नासतं, म्हणून धान्याच्याही आधी विषाचा नंबर. हा क्रम मी कुठल्याही सरकारी पत्रकात वाचलेला नाही.

त्यानंतर धान्य. जोंधळा, गहू, तांदूळ पूर्वी मोठ्या कोठीत असायचा. आता खताच्या धुतलेल्या पिशव्यांत, प्रत्येकीत वीस किलोच्या आतबाहेर, तोंड दोनदा बांधून. एवढ्या लहान पिशव्या कशाला, असं मी विचारलं तेव्हा मामी म्हणाली, "आरं, बाप्ये त्या दिवशी घरात असत्यात व्हय? कोण मोटारीच्या मागं, कोण जनावरांच्या मागं. पोतं उचलायचं कुणी? आमीच की." पन्नास किलोचं पोतं शिडीवरून माळ्यावर चढवणं तिला आणि सुनेला झेपत नाही, वीस किलोची पिशवी झेपते. या घरात ओझं ठरवलं आहे ते उचलणाऱ्याच्या ताकदीवरून. कोठीत राहिलेलं धान्य भिजून फुगतं आणि कोठीचं तोंड उचकटतं, हे २०१९ ला दिसलं होतं. कुजलेल्या जोंधळ्याचा वास घरातून जायला दिवाळी उजाडली, असं आज्जी सांगते.

माळ्यावर ठेवण्याचीही रीत आहे. लवकर लागणार नाही ते आत भिंतीकडं, लागणारं ते शिडीपाशी. पाण्याची पिंपं गच्चीवर, भरून, झाकण घट्ट. मेडिक्लोरची बाटली आणि तुरटी त्यांच्याच शेजारी बांधलेली. भडंग, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, गूळ. काड्यापेटी दुहेरी पिशवीत. आज्जीच्या साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या, त्यासोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो. सॅनिटरी पॅडचं पुडकं सून स्वतः ठेवते, कारण २०१९ च्या छावणीत त्याचीच सगळ्यात जास्त अडचण झाली होती आणि मागायचं कुणाकडं हेही कळत नव्हतं.

जड वस्तूंचं गणित वेगळं. ज्या वस्तू आपल्याला जड वाटतात त्यांतल्या बऱ्याच पाण्यात हलक्या होतात. फ्रीज तरंगतो, फिरत फिरत जातो आणि दाराला आतून असा आडवा पडतो की पाणी ओसरल्यावर दार उघडत नाही. गॅसचं सिलिंडर भरलेलं असलं तरी बुडत नाही. म्हणून रेग्युलेटर काढून, टोपण लावून ते खिडकीच्या गजाला साखळीनं बांधायचं. फ्रीजचं दार दोरीनं आवळून तो कोपऱ्यात जखडायचा. घराची दारं मात्र गच्च लावायची नाहीत. आत-बाहेर पाणी सारखं राहिलं की भिंतीवर एकाच बाजूनं दाब येत नाही. जुन्या सोप्याची मातीची भिंत तशीही टिकली नसती. आता तिथं विटांची भिंत आहे आणि विजेचे बोर्ड डोक्याच्या वर गेले आहेत. पंखा लावायला आज्जीला काठी लागते, त्यावरून ती रोज बोलते.

कागदांची पेटी सगळ्यात लहान. आधार, रेशन कार्ड, पासबुकं, घरपट्टीची पावती. सातबाराची चिंता उरली नाही, तो ऑनलाइन निघतो. पण पंचनाम्याच्या वेळी घर आधी कसं होतं हे दाखवावं लागतं, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात सून प्रत्येक खोलीचा मोबाइलवर फोटो काढून पुण्यातल्या नणंदेला पाठवते. २०१९ ला पूरग्रस्त कुटुंबांना ग्रामीण भागात दहा हजार आणि शहरात पंधरा हजार रुपये सानुग्रह मदत जाहीर झाली होती. त्यावर पुन्हा संसार उभा राहत नाही, पण कागद नसेल तर तेवढंही हाती लागत नाही.

आता खरं काम. गोठा.

२०१९ मध्ये बोटी आल्या तरी माणसं घर सोडेनात, याची बाहेर बरीच चर्चा झाली. हट्टी लोक, असं शहरातून म्हटलं गेलं. बोटीत म्हैस बसत नाही, एवढी साधी गोष्ट त्या चर्चेत नव्हती. दुभती म्हैस लाखाच्या घरात जाते आणि रोजचं दूध डेअरीत जातं तेव्हा घरात रोकड येते. दावं सोडून तिला पाण्यात ढकलायचं आणि आपण बोटीत चढायचं, हे सांगायला सोपं आहे. आमच्या घरी त्या वर्षी हाच गोंधळ झाला आणि शेवटी माणसं निघाली ती गळ्याएवढ्या पाण्यातून.

मामीनं यावर काढलेला तोडगा मला सगळ्या तयारीत हुशारीचा वाटतो. हातकणंगल्याकडं माळावर तिच्या भावाचं घर आहे. मे महिन्यातच एक ट्रॉली कडबा तिकडं जातो. राजाराम ३९ ला टेकलं की, आकाश कसंही असो, म्हशी टेम्पोत चढतात. टेम्पोवाल्याचा शब्द आधीच घेतलेला असतो, भाडंही ठरलेलं, कारण ४३ च्या वर गेल्यावर कुठलाच टेम्पो मिळत नाही. मुक्कामातलं दूध पाहुण्यांचं, वैरण आपली. त्यामुळं उपकाराचं ओझं कुणावर नाही. पाणी आलंच नाही तर म्हशी आठवड्यानं परत येतात आणि भाडं वाया जातं. मामा कुरकुरतो. मामी ऐकत नाही. गोठा रिकामा झाला की घरातल्या माणसांना थांबायला कारणच राहत नाही, हे तिनं ओळखलं आहे. मग आज्जी निघते, पोरं निघतात, आणि शेवटी मामाही गुपचूप पिशवी उचलतो.

उशिरा निघण्याची किंमत या भागानं पाहिली आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी, क्षमतेपेक्षा जास्त भरलेली बोट उलटली. १७ जणांचा जीव गेला.

लोक उशीर का करतात, याचं दुसरं उत्तर भिंतीवर आहे. २००५ चा पूर मोठा होता. सांगलीत पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं होतं, आणि गावोगाव भिंतींवर त्या पाण्याच्या खुणा रंगवल्या होत्या. चौदा वर्षं सगळी तयारी त्या खुणेवर बेतलेली होती. कट्टा खुणेच्या वर, कपाट खुणेच्या वर. २०१९ ला आयर्विनवर ५७ फुटांच्या वर पाणी गेलं. खुणेच्या भरवशावर थांबलेले लोक पहिल्या मजल्यावर अडकले. २०२१ च्या जुलैत तऱ्हा आणखी निराळी झाली. पाऊस दोन-तीन दिवसांतच कोसळला, कोल्हापुरात राजाराम ५६ च्या पलीकडं गेलं, म्हणजे २०१९ हूनही वर, आणि सांगलीत मात्र २०१९ ची उंची गाठली नाही. सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ च्या पुरासाठी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला जबाबदार धरलं नाही. पारावर तो वाद अजून मिटलेला नाही, आणि मामीला त्यात रसही नाही. तिचं म्हणणं एवढंच, "पूर काय मागची खूण बघून येत न्हाई."

पाण्यापासून लांब राहणाऱ्यांनाही २०१९ नं एक गोष्ट दाखवली, ती मला पुराहून जास्त भीतीदायक वाटते. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि कोल्हापूर शहर कित्येक दिवस तुटलं. ज्यांच्या उंबऱ्याला थेंब लागला नाही, त्यांच्याकडंही दूध नव्हतं. पेट्रोलसाठी रांगा लागल्या. शहराला पाणी देणारे पंपच बुडाले आणि चारी बाजूंनी पाणी असताना नळ कोरडे पडले. वीज नाही म्हणून मोबाइल बंद, मोबाइल बंद म्हणून पैसे असून नसल्यासारखे. समाजव्यवस्था कोसळते म्हणजे काय, याची ही आठवडाभराची रंगीत तालीम होती. परदेशात काही हौशी लोक अशा दिवसांसाठी जमिनीखाली तळघरं बांधतात, डबाबंद अन्न भरतात, बंदुका ठेवतात, शेजाऱ्यापासून वाचायचं म्हणून. इथं पहिल्या दोन दिवसांत जो वाचला तो शेजाऱ्यामुळं. गच्चीवर चढायला शिडी शेजाऱ्याची होती आणि पिठलं-भात आला तो वरच्या गल्लीतून. बाहेरची मदत नंतर आली आणि भरभरून आली. त्यातल्या जुन्या कपड्यांचे ढीग मात्र शेवटी रस्त्याकडेला पडून राहिले.

पूर्वजांनी तयारी केली नव्हती असं नाही. त्यांचं संकट दुसरं होतं. सांगलीशेजारच्या हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची पद्धत होती. खोल, कोरड्या पेवात हळदीला कीड लागत नसे, वर्षानुवर्षं माल टिकायचा. २००५ च्या महापुरानं त्यांतली कितीतरी पेवं निकामी केली. जमिनीत ठेवलेलं सुरक्षित, ही पिढ्यांची खात्री होती. आता माळ्यावर चढवलेलं सुरक्षित, अशी आमची खात्री आहे. मामीनं गेल्या वर्षी माळ्यावरच्या थोड्या पिशव्याही भावाकडं हलवल्या. सगळं एकाच उंचीवर ठेवायचं नाही म्हणाली.

पाणी ओसरल्यानंतरचं कामही तयारीतच धरावं लागतं. गाळ वाळला की दगडासारखा बसतो, म्हणून पाणी उतरत असतानाच त्याच पाण्यानं खराट्यानं तो बाहेर ढकलायचा. वायरमननं बघितल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही. हात घालण्याआधी काठी घालायची, कारण सापही आसरा शोधत घरात आलेले असतात. खराटे, फावडं, गमबूट आणि ब्लिचिंग पावडर हे सगळं माळ्यावर शिडीपाशीच असतं. पुरानंतर गावात खराटा विकत मिळत नाही.

तुमचं घर नदीकाठी असेल तर यंदा पावसाआधी ठरवा, कुठल्या आकड्याला निघायचं आणि कुणाकडं. आणि तुमचं घर उंचावर असेल, गोठ्यात दोन जागा मोकळ्या असतील, तर नदीकाठच्या आपल्या माणसाच्या फोनची वाट बघू नका. मे महिन्यातच तुम्ही फोन करा, म्हशी आमच्याकडं आणा म्हणून सांगा, आणि वैरणीचं काय ते तेव्हाच बोलून घ्या.