सतराव्या वर्षीचा गुडघा

महिला फुटबॉल पाहणाऱ्यांना अमेरिकेच्या अ‍ॅलेक्स मॉर्गनची ओळख करून द्यावी लागत नाही. दोन विश्वचषक, ऑलिम्पिक सुवर्णपदक आणि देशासाठी 123 गोल तिच्या नावावर आहेत. कॅलिफोर्नियातली ही मुलगी क्लबच्या संघात खेळू लागली ती चौदाव्या वर्षी, म्हणजे तिकडच्या मानाने उशिराच. तरीही सतराव्या वर्षी तिला देशाच्या कुमारी संघाचे बोलावणे आले. त्याच सुमारास तिच्या गुडघ्यातला ‘एसीएल’ फाटला आणि हंगाम अर्ध्यावर सुटला.

एसीएल म्हणजे मांडीचे आणि नडगीचे हाड गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा दोरखंडासारखा चिवट अस्थिबंध. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे, गुडघा पिळवटू न देणे हे त्याचे काम. तो धडकेनेच फाटतो असे नाही. धावताना अचानक वळणे, झटकन थांबणे किंवा उडी मारून एका पायावर उतरणे एवढेही पुरते. गुडघ्यात ‘कट्’ असे काहीतरी होते आणि काही तासांत सूज येते.

एकच खेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षा मुलींमध्ये ही दुखापत साधारण दुप्पट-तिप्पट आढळते. वयात येताना मुलींची उंची भराभर वाढते, पण नितंबांच्या आणि मांडीमागच्या स्नायूंची ताकद त्या वेगाने वाढतेच असे नाही. मग उडीनंतर जमिनीवर उतरताना गुडघे आतल्या बाजूला झुकतात आणि सगळा ताण एसीएलवर येतो. त्यात मुलींना ताकदीचा व्यायाम अनेकदा शिकवलाच जात नाही.

पूर्ण फाटलेला एसीएल सहसा आपोआप नीट जुळून येत नाही. त्यामुळे खेळाडूंमध्ये बहुतेकदा शरीरातलीच एखादी कंडरा घेऊन शस्त्रक्रियेने नवा बंध तयार करतात. तो पक्का व्हायला अनेक महिने लागतात. दुखणे थांबले म्हणजे गुडघा बरा झाला, असे नव्हे. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच जास्त असतो.

मॉर्गन परतली. 2008 मध्ये चिलीत झालेल्या 20 वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उत्तर कोरियाविरुद्धचा विजयी गोल तिचाच होता. बर्कलीच्या विद्यापीठात शिकत, खेळत ती 2010 मध्ये वरिष्ठ संघात आली. 2011 मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळाडूंची निवड झाली, तेव्हा पहिले नाव तिचे पुकारले गेले.

प्रत्येक मुलीला अशी दुसरी संधी मिळतेच असे नाही. म्हणून दुखापत टाळणे महत्त्वाचे. नॉर्वेमध्ये 13 ते 17 वर्षांच्या फुटबॉलपटू मुलींवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, सरावाआधी 20 मिनिटांचा ठरावीक व्यायाम करणाऱ्या संघांमध्ये गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी दिसल्या. त्यात हलके धावणे, मांडी-पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, एका पायावर तोल सांभाळणे आणि गुडघे सरळ रेषेत ठेवून उडीनंतर उतरणे एवढेच असते. महागडी साधने लागत नाहीत.

कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या मुलींच्या पालकांनीही हे प्रशिक्षकांना जरूर विचारावे. आणि खेळताना गुडघा मुरगळून सुजला, तर मालिश करत न बसता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.