आपल्या कालव्याच्या उगमाशी पक्ष्यांचं गाव

परवा राहात्याच्या बाजारात पेरू घेताना विक्रेते काका माझ्या गळ्यातली दुर्बीण पाहून म्हणाले, "पाखरं बघायला धरणावर जाता, पण ती पाण्यात कमी अन् काठावरच जास्त कशी?"

प्रश्न एकदम नेमका!

आपल्या पेरूबागांना पाणी देणारा गोदावरीचा उजवा कालवा निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघतो. इंग्रजांच्या काळातल्या या बंधाऱ्यामागे गोदावरी आणि कादवेचा गाळ साचत गेला. उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती तयार झाल्या. पक्षी आले ते यासाठी.

कारण खोल पाणी बहुतेकांच्या कामाचं नसतं. तुतवार, शेकाट्या चिखलात चोच खुपसून किडे शोधतात. चमचा उथळ पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवत मासे पकडतो. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब काठाच्या गवतात चरतात. काठ भराव टाकून बुजवला, की पाणी तेवढंच राहूनही पक्ष्यांचं ताट रिकामं.

१९८६ साली इथे अभयारण्य झालं. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झालं. माझ्या मते फलकापेक्षा मोकळा काठ महत्त्वाचा, आणि तिथल्या शेतकऱ्यांना सोबत घेतल्याशिवाय तो राहणार नाही.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर, चापडगावच्या बाजूने. भडक कपडे नकोत.

कुठला पक्षी ओळखता येत नसेल तर फोटो टाका, काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा.