पटावरील मुलें आणि निकालाचा आंकडा

मुलाला कोणत्या शाळेंत घालावें असा विषय घरांत निघाला म्हणजे आजोबांपासून धाकट्या काकांपर्यंत सर्वजण प्रथम एकच गोष्ट विचारतात, ती ही कीं, निकाल कसा लागतो? प्रश्न योग्य आहे. परंतु तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा कीं, त्या शाळेच्या पटावर मुलें कोणाचीं आहेत? सहावी ते आठवी या ज्या इयत्तांना सरकारी भाषेंत उच्च प्राथमिक म्हणतात, त्यांच्यासंबंधीं तर हा दुसरा प्रश्न फारच महत्त्वाचा होय. अक्षरओळख संपून विषयांचें खरें अध्ययन येथेंच सुरू होतें, आणि घरचें पाठबळ असलेला व नसलेला असे दोन विद्यार्थी येथेंच एकमेकांपासून दूर पडूं लागतात.

एक कल्पित उदाहरण घेऊं. एका शाळेच्या आठवींत ५० मुलें आहेत. त्यांपैकीं ४० शिकलेल्या घरचीं व १० निरक्षर घरचीं. पहिल्यांपैकीं ३६ आणि दुसऱ्यांपैकीं ५ उत्तीर्ण झालीं. निकाल शेंकडा ८२. शेजारच्या नगरपालिकेच्या शाळेंतही ५० मुलें आहेत, पण तेथें शिकलेल्या घरचीं १० आणि निरक्षर घरचीं ४०. त्यांतून अनुक्रमें ९ व २६ उत्तीर्ण झालीं. निकाल शेंकडा ७०. आतां गांवांत नांव कोणाचें होईल हें सांगावयास नकोच. परंतु शिकलेल्या घरच्या मुलांचा निकाल दोन्हीकडे शेंकडा ९०च आहे, आणि निरक्षर घरच्या मुलांचा पहिलीकडे ५०, तर दुसरीकडे ६५ आहे! म्हणजे जिला आपण नांवें ठेवतों, तीच शाळा अधिक शिकवीत आहे. पहिलीच्या आंकड्यांत आपल्या घरांतील आजोबांनीं पाठ करून घेतलेले पाढे आणि काकूंनीं तपासलेलें शुद्धलेखन, हीं देखील शाळेच्या नांवें जमा झालेलीं असतात.

हीच चूक आपण भूतकाळाविषयींही करतों. पूर्वीं सातवी इयत्तेची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उतरलेला मनुष्य प्राथमिक शाळेंत शिक्षक होऊं शके. त्यामुळें 'त्या काळची सातवी' असें आपण अद्याप कौतुकानें म्हणतों. त्या सातवीपर्यंत पोंचत कोण होतें, हें मात्र सांगत नाहीं. ज्यांच्या घरीं लेखणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती, बहुधा त्यांचींच मुलें. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन देऊन हेंच गाऱ्हाणें मांडलें, व निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं आणलेलें सक्तीच्या शिक्षणाचें बिल १९१२ सालीं फेटाळलें गेलें. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं तें आपल्या संस्थानापुरतें करून दाखविलें. गाळून घेतलेलें पाणी स्वच्छ म्हणून घागरीची स्तुति करावी, तशी त्या जुन्या सातवीची आपली स्तुति आहे.

२००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, आणि गाळणें काढून टाकण्याचें कायद्यानेंच ठरलें. २०१८ सालच्या 'असर' अहवालांत देशांतील ग्रामीण भागाविषयीं असें आढळलें कीं, आठवींतील शंभर मुलांपैकीं सुमारें ७३ मुलांना दुसरीच्या पुस्तकांतील उतारा वाचतां येतो, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनें भागणें अवघ्या ४४ मुलांना साधतें. हे आंकडे लाजिरवाणे आहेत. पटाकडे बोट दाखवून शिक्षकांनीं यांतून सुटावें असें मी मुळींच म्हणत नाहीं. ज्याला आठ वर्षांत भागाकार शिकवितां आला नाहीं, त्यानें विद्यार्थ्याची जातकुळी सांगत बसूं नये.

तथापि अडचण कोठें आहे हें पाहिलें पाहिजे. आमच्या पाठ्यपुस्तकांची परिभाषा संस्कृतांतून आलेली आहे. 'परिमेय', 'प्रकाशसंश्लेषण', 'समलंब' हे शब्द आपल्या घरच्या मुलाला निदान कानांना परके वाटत नाहींत. 'मा' धातूवरून मोजण्याचा अर्थ सांगितला कीं त्याचें काम भागतें. मेळघाटांत कोरकू किंवा नंदुरबारकडे पावरी बोलणाऱ्या मुलाला मराठी हीच दुसरी भाषा, आणि ही परिभाषा तिसरी! त्रिकोणांतील 'कर्ण' म्हटल्यावर त्याला महाभारतांतलाही आठवत नाहीं. बीडकडील ऊसतोडणीच्या मजुरांचीं मुलें तर गळिताच्या हंगामांत आईबापांबरोबर फडावर जातात. अपूर्णांक शिकविला जात असतां तीं वर्गांतच नसतात.

अमेरिकेंत १९६६ सालीं समाजशास्त्रज्ञ कोलमन यांनीं सुमारें चार हजार सरकारी शाळांची पाहणी करून दाखविलें कीं, मुलाच्या यशाशीं शाळेच्या साधनसामग्रीपेक्षां घरच्या परिस्थितीचा संबंध अधिक निकटचा आहे. पुढें २००२ सालीं अमलांत आलेल्या कायद्यानें तिसरी ते आठवीची परीक्षा दरवर्षीं घेऊन निकाल वंश, दारिद्र्य, अपंगत्व व इंग्रजीशीं अपरिचय अशा गटांनीं निरनिराळा प्रसिद्ध करणें भाग पाडलें. सरासरीच्या आड दडण्याची सोय त्यानें गेली. शाळा परीक्षेपुरतेंच शिकवूं लागल्या, ही तक्रारही तितकीच खरी. २०१५ सालीं तो कायदा बदलला, पण गटवार निकाल देण्याची पद्धत ठेवली.

आपल्याकडे आपण काय केलें? शहरांतून म्हणा, गांवांतून म्हणा, शिकलेल्या घरांनीं आपलीं मुलें या शाळांतून मुकाट्यानें काढून घेतलीं, आणि मग निकाल घसरला म्हणून हळहळलों! मुलांबरोबर आणखी कांहीं निघून गेलें, त्याचा हिशेब कोणी मांडला नाहीं. कायद्याप्रमाणें सरकारी व अनुदानित शाळेंत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यांत तीनचतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कामावर देखरेख करणें, अनुदानाचा विनियोग तपासणें व विकासाचा आराखडा करणें हीं तिचीं कामें. आठवींतल्या मुलींना भागाकार कां येत नाहीं, असें मुख्याध्यापकांस धीटपणें विचारणारा माणूस त्या समितींत हवा असतो. ज्या आईची मजुरी एका दिवसाच्या सभेनें बुडते, तिनें तें विचारावें ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे?

महाराष्ट्रांत या समितीच्या उरलेल्या चतुर्थांशांत स्थानिक शिक्षणतज्ज्ञासही जागा ठेवलेली आहे, आणि त्यासाठीं आपलें मूल त्या शाळेंत असण्याची अट नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांतून निवृत्त झालेले गणिताचे व भाषेचे शिक्षक सकाळचें वर्तमानपत्र संपल्यावर काय करावें या विवंचनेंत असतात. नगरपालिकेची शाळा बहुधा चालत जाण्याच्या अंतरावर असते.